चौकटीवरचे दोन खिळे

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
भाद्रपद वद्य अष्टमी

प्रिय मंजू,

पाकीट बघून आधी धास्तावशील म्हणून सांगते, घरी सगळे खुशाल आहेत. मग हसशील. बिडकीन ते पुंडलिकनगर तासाभराचा रस्ता, दोघींच्याही हातात फोन, आणि ही बाई पानंच्या पानं लिहायला बसलीय. पण फोन मी या महिन्यात तीनदा लावला, तू उचललासही. पावसाचं झालं, तुझ्या गुडघ्याचं झालं, तुझ्या मोनिकाच्या पुण्याच्या नोकरीचं झालं, आणि मी पुढचं वाक्य जुळवते न जुळवते तोच तू म्हणतेस, "बाई, कुकर झाला वाटतं." वर्षभरात तुझा कुकर लई वेळा झाला मंजू. मला त्याचा राग नाही. खरं सांगू का, मलाच बरं वाटायचं. समोरच्याचा श्वास कानाशी ऐकू आला की मी भलतंच बोलत बसते. कागद बरा, कागद श्वास घेत नाही. मॅट्रिकला मराठीत मला चांगले मार्क होते, पण त्यानंतर मी लिहिलं ते वाण्याच्या याद्या आणि श्रावणात रामनाम, एवढंच. तेव्हा मागचंपुढचं झालं तर सांभाळून घे.

आधी घरातली बातमी. पुढची खोली आम्ही पार बदलून टाकली. तू आलीस तर दारातूनच परत जाशील, म्हणशील पत्ता चुकला. झालं असं की आपली नात सोनिया आता धरून धरून उभी राहते, आणि उभं राहायला तिला अख्ख्या घरात एकच जागा आवडली, ती म्हणजे काचेचं शोकेस. तेच, माझ्या रुखवतातला प्लास्टिकचा ताजमहाल ठेवलेलं. तू त्याला मकबरा म्हणायचीस आणि मी चिडायची. एका सकाळी पोरीनं काचच ओढली. देवीची कृपा, खरचटलंसुद्धा नाही, पण त्याच दिवशी यांनी आणि आकाशनं मिळून शोकेस बाहेर काढलं. आणि त्याच्यामागं काय निघालं असेल? खिडकी! अगं, पूर्वेची खिडकी. आपण दोघी जावांनीच ती शोकेसला जागा हवी म्हणून बंद केली होती आणि मी साफ विसरून गेले होते. गंजलेली कडी तेल घालून उघडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवपूजेला फुलं घेऊन चालले होते, तर खोलीच्या मधोमध उन्हाचा चौकोन पडलेला, आणि त्यात सोनिया बसलेली, उन्हातले कण धरायला मुठी मिटत होती. माझ्या हातातली परडी हातातच राहिली. वीस-पंचवीस वर्षं तो सूर्य रोज त्या भिंतीपर्यंत येऊन परत जात असेल, आणि मी आत उदबत्ती लावून सूर्यालाच नमस्कार करत होते.

आकाश म्हणाला, भिंत खराब दिसतेय, फुलाफुलांचा वॉलपेपर मागवतो. मी म्हणलं, पितृपक्ष आहे, नवी वस्तू घरात यायची नाही. तर निशा आतून म्हणते, "आई, पितृपक्ष संपल्यावर येईल अशी तारीख टाकते की." मी म्हणलं, मागवला तर आताच ना? तर म्हणते कशी, "देवाला डिलिव्हरीचा दिवस दिसतो आई, ऑर्डरचा नाही." माझी सून तुला माहीतच आहे. हसून हसून पोटात दुखलं, आणि त्या हसण्यात वॉलपेपर राहूनच गेला. मग तिचं तीच म्हणाली, विकत काहीच न आणता करून बघू या का, घरात, शेतात आणि झाडावर आहे तेवढ्यातच. मला काय, मी तर हेच लग्न झाल्यापासून म्हणतेय, फक्त माझ्या तोंडून ते चिकटपणाचं वाटतं आणि तिच्या तोंडून फॅशनचं.

भिंतीला चुना दिला. तुळशीवृंदावनाचा गेरू उरलेला होता, त्याचा खाली हातभर पट्टा ओढला. निशानं तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बोटं बुडवून त्या पट्ट्यावर ठिपक्यांच्या वेली काढल्या, पुस्तक नाही, साचा नाही, नुसती करंगळी. ओलं असताना काहीच दिसेना. मी मनात म्हणलं, गेलं पीठ वाया. मी स्वयंपाक करून बाहेर आले तर वाळून सगळी वेल पांढरीशुभ्र उमटलेली. सासूबाईंची दोन इरकली लुगडी ट्रंकेत होती, विरलेली, नेसण्याजोगी नव्हती, पण टाकवत नव्हती. त्याचे खिडकीला अर्धे पडदे केले. काठ खाली ठेवले. विरलेल्या जागेतून ऊन जास्त येतं आणि जमिनीवर त्याची जाळी पडते. पाचोडहून कडूबाई आली होती, आपली शेती बटईनं करणारी, तिनं बाजरीची कणसं आणली. निशानं त्याची जुडी बांधून खिडकीशेजारी उलटी टांगली. कडूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, कणसं भाकरीची असत्यात. भिताडाला टांगून पोट भरतंय व्हय?" मला तिचं पटलंच होतं. पण तिसऱ्या दिवशी, मंजू, खिडकीतून चिमण्या आल्या. दोन आधी, मग पाच-सहा. कणसाला उलट्या लोंबकळून दाणे टिपायला लागल्या. या कॉलनीत मी चिमणी शेवटची कधी बघितली ते आठवत नाही. सोनिया बघत राहिली, ना रडली ना हसली, नुसतं तोंड उघडं. मीही तशीच. कडूबाईला फोनवर सांगितलं तर म्हणते, "म्हंजी भरलं की कुणाचं तरी."

कपाशीची पहिली बोंडं फुटलीत पाचोडला, तिनं त्याच्याही चार फांद्या आणल्या. देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या मोठ्या तांब्यात मी त्या नुसत्या उभ्या केल्या. तुझं माझं आयुष्य कापूस वेचण्यात गेलं, बोटं चिरली, पण फुटलेलं बोंड नुसतं बघायला म्हणून आपण कधी थांबलो का गं? चार पाकळ्यांचं वाळकं कवच आणि त्यात एवढं मऊ. कुणी भरलं असेल ते आत? अठ्ठावन्न वर्षांची झाले, रोज हात जोडते, पण देवाचं काम मी कधी असं जवळून बघितलंच नव्हतं. हे सगळं वाचून तू म्हणशील, बाईला झालंय काय. तर तेच सांगायला बसलेय, पण वळणावळणानं येतेय. मला सरळ येता येत नाही.

खोली झाली, मग दार राहिलं. पुढच्या दाराच्या चौकटीवर रंगावर रंग चढलेले. आकाश सुट्टीच्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसला. वरचा चॉकलेटी निघाला, तो त्याच्या लग्नातला. त्याखाली हिरवा. त्याखाली निळा, तू लग्न होऊन आलीस तेव्हा लावलेला, ओला होता आणि तुझ्या शालूला लागला होता, आठवतं? निळ्याखाली लाकूड लागलं. सागवानाच्या रेघा अशा निघाल्या की पाण्यावर वारा गेल्यासारख्या. जवसाचं तेल पाजलं तर लाकूड पीत गेलं, पीत गेलं, आणि मधासारखं दिसायला लागलं. मी हात फिरवत होते. वरच्या पट्टीवर डाव्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी लागलं, मग उजव्या कोपऱ्यात. रंगाच्या तीन थरांत बुजलेले दोन खिळे. निशानं विचारलं, "आई, हे कशाचे?" मी म्हणलं, "तोरणाचे."

तुला आता कळलं असेल मी कुठं निघालेय. कुकर झाला म्हणून कागद बाजूला ठेवू नको मंजू. एवढं वाच.

त्या वर्षी दसऱ्याच्या पहाटे तुझं लेकरू गेलं. सहावं चालू होतं त्याला. ताप अष्टमीला आला, आणि दसऱ्याला सूर्य उगवायच्या आत सगळं संपलं. बावीस वर्षं झाली. तेराव्याला सासूबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, दसऱ्याला खोट पडली, आता या घराला दसरा नाही. याच तिथीला या घरात लेकरू जन्माला येईल, नाहीतर दावणीला गाय विईल, तेव्हाच दसरा उघडायचा. घराघरांत असाच नियम असतो, मी माझ्या माहेरीही बघितलेला, मला त्यात वावगं वाटलं नाही. घट बसवायचो, उठवायचो, पण दसऱ्याला दाराला पान लावलं नाही, उंबऱ्याला रांगोळी नाही, पुरण नाही. पिठलं-भाकरी करायची आणि दार लोटून बसायचं. गल्लीतली पोरं आपट्याची पानं घेऊन यायची, आमच्या घरासमोरून पाय न वाजवता पुढं जायची. हिशोबाच्या वहीत त्या तारखेला मी दर वर्षी एक आडवी रेघ मारते. तू तर त्याच वर्षी बिडकीनला राहायला गेलीस, आणि त्या दिवशी तू घराबाहेरच पडत नाहीस, हे सोमनाथभाऊजींनी मला सांगितलेलं.

आणि गेल्या दसऱ्याला तू बाहेर पडलीस. निशाला पहाटे कळा सुरू झाल्या, तिच्या आईला लातूरहून यायला दुपार होणार होती, मी घाबरून तुला फोन केला आणि तू पहिल्या बसनं आलीस. त्या दिवशी! दवाखान्याच्या त्याच वासात! मी इतकी घाईत होते की माझ्या हे लक्षातच आलं नाही. मी बाकावर डोळे मिटून जप करत होते. नर्सनं दार उघडून विचारलं, बाळाची आजी कोण, तर तू हात पुढं केलेस. सोनिया आधी तुझ्या हातात आली. मी डोळे उघडले तर तू तिला पदराच्या आत घेऊन उभी होतीस, आणि तुझा चेहरा, मंजू, तसा मी कुणाचाच कधी बघितला नाही. देवीच्या मूर्तीपुढं मी इतकी वर्षं ज्यासाठी उभी राहते ते त्यात होतं. आणि मी काय केलं? बाळाकडं बघितलं नाही. तुझ्याकडं बघितलं नाही. वर हात जोडले आणि मोठ्यानं म्हणलं, "खोट निघाली गं मंजू! आपल्या घराचा दसरा उघडला!"

तू बाळ माझ्या हातात दिलंस. पिशवी उचललीस. म्हणालीस, "व्हय बाई, उघडला." आणि चहासुद्धा न घेता गेलीस. बारशाला कुंची आणि बाळंतविडा आला, तो भाऊजींच्या हातून. कुंची तू शिवलेली, टाके ओळखू आले मला. पण तू आली नाहीस. मला महिनाभर वाटत होतं, गुडघा दुखत असेल.

वर्षभर मी मनात म्हणत राहिले की मी खोटं काय बोलले, नियम होता, नियमाप्रमाणं झालं. गुरुजींना विचारून घेतलं, तेही म्हणाले, यंदा तोरण लावा, काही हरकत नाही. हे म्हणाले लावू. आकाश म्हणाला लावू. सगळं ठरलं होतं मंजू. आंब्याची एकवीस पानं, मध्ये मध्ये झेंडू, दाराच्या दोन्ही बाजूंना उसाची कांडी, उंबऱ्यावर शिरगोळ्याची रांगोळी, इथपर्यंत मी वहीत लिहून काढलेलं. त्यात त्या दिवशी खिळे सापडले आणि निशानं विचारलं, "आई, काकूंना विचारलं का?" मी म्हणलं, "त्यात विचारायचं काय, नियमच आहे तसा." ती तेल लावत होती, हात न थांबवता म्हणाली, "नियम आजींचा होता. मुलगा काकूंचा होता ना?" बोलण्यात धार नव्हती तिच्या, साधं विचारत होती. मग म्हणाली, "त्याचं नाव काय होतं आई?"

दोन वर्षं झाली तिला या घरात येऊन. तिला तुझ्या लेकराचं नाव माहीत नव्हतं. आणि तिनं विचारलं तर, तुला शपथेवर सांगते, माझ्या तोंडातून ते निघेना. मी गॅसवर दूध आहे म्हणून आत गेले. दूध नव्हतंच. तुझ्या कुकरसारखंच.

आत जाऊन बसले तेव्हा आठवलं की सासूबाईंनी त्या तेराव्याला दोन गोष्टी बंद केल्या होत्या. दसरा एक. आणि तू पाणी प्यायला उठून गेलीस तेव्हा आम्हा सगळ्यांना हळूच म्हणाल्या होत्या, "मंजूच्या कानावर त्या लेकराचं नाव पडू देऊ नका, सोसायची नाही ती." त्यांच्या मनात मायाच होती, मीही माया म्हणूनच पाळलं. आकाश तेव्हा नऊ वर्षांचा, त्यालाही दटावलं, रोज ज्याच्याशी खेळायचा त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून. पाळता पाळता अशी सवय झाली की तू नसतानाही कुणी घेईना. तुला काय वाटलं असेल याचा मी आज पहिल्यांदा विचार करतेय. तुला वाटलं असेल की आम्ही सगळे विसरलो. आणि वर मी दवाखान्यात ओरडून सांगितलं की भरली जागा, उघडला दसरा.

इंद्रजीत.

लिहिलं बघ. इंद्रजीत सोमनाथ. खंडेनवमीच्या सकाळी अंगात ताप असताना गोधडी पांघरून तो तुझ्याजवळ बसला होता, तू तोरण ओवत होतीस आणि तो तुला एकेक फूल देत होता. एक केशरी, एक पिवळं, असं तू त्याला बजावलेलं, आणि तो मुद्दाम पिवळ्यावर पिवळं द्यायचा. चार पिवळी लागोपाठ गेली तेव्हा तू लटकी रागावलीस, तर म्हणाला, "पिवळ्यांना एकमेकांसंगं बसायचंय आई." मी दारात गहू निवडत ऐकत होते. दुपारी ताप वाढला आणि तुम्ही तिघं तशीच उठून दवाखान्यात गेलात. तोरण परातीत अर्धंच राहिलं.

आता जे सांगते ते मी यांनाही सांगितलेलं नाही. दसऱ्याच्या सकाळी, तुम्ही त्याला घेऊन यायच्या आधी, मला घर आवरायला दवाखान्यातून पुढं पाठवलं होतं. परात समोर. तुझ्या डोळ्यांपुढं ते तोरण पडू नये म्हणून मी उचललं. कचऱ्यात टाकवेना, देवाला वाहवेना. मागं मोरीच्या पाण्याला जिथं वाट आहे तिथं मातीत पसरून दिलं आणि वर दोन मुठी माती लोटली. पुन्हा तिकडं बघितलं नाही. पुढच्या ज्येष्ठात पाऊस झाला आणि कपडे धुताना मला तिथं बारीक बारीक रोपं दिसली. कातरलेली पानं. मी लावली नव्हती, मी शिंपली नव्हती. मी पिळा हातात धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. वाटलं उपटावी. हात लावला, तर बोटाला तो झेंडूचा वास. दसऱ्याच्या महिन्यात फुलली, केशरी कमी, पिवळीच जास्त. त्याचं बी धरलं. दुसऱ्या वर्षी टाकलं. मंजू, बावीस वर्षं मी ते बी मोडू दिलं नाही. एका वर्षी पाऊस नव्हता, आपल्याला प्यायला टँकरचं पाणी, तेव्हा भाताचं वेळलेलं पाणी घालून दोन रोपं जगवली. फूल लहान होत गेलं, गावरान झालं, पण वास वाढत गेला. दारावर एकही लावलं नाही, सगळी रेणुकामातेच्या देवळात जातात. तू एकदा संक्रांतीला आली होतीस, मागच्या अंगणात उशिराची दोन-चार फुलं होती. "बाई, एवढ्या थंडीत कशी टिकली हो ही?" म्हणालीस आणि एक खुडून माझ्या देव्हाऱ्यात ठेवलंस. तेव्हा सगळं ओठांवर आलं होतं. सासूबाई ओसरीत बसलेल्या होत्या. मी तिळगूळ आणायला आत वळले.

पाच वर्षांचं लेकरू गेलं आणि त्याच्या हातची फुलं बावीस वेळा उगवून आली, हे मी रोज बघत होते आणि त्याला चमत्कार म्हणायची माझी छाती होत नव्हती. आता होतेय. यंदाही कळ्या धरल्यात. पाकिटात कागदाची पुडी आहे, त्यात गेल्या वर्षीचं बी आहे. काळं टोक, पांढरी शेपटी, मूठभर आहे. ते तुझं आहे, मी फक्त सांभाळलं. कुंडीत टाक, शेतात टाक, नाहीतर तसंच ठेव, मी पुन्हा विचारणार नाही.

आणि पत्र कशासाठी लिहिलं ते आता सांगते. दसरा कधी उघडायचा याचा नियम सासूबाई सांगून गेल्या. नाव कधी उघडायचं याचा सांगून गेल्या नाहीत. गुरुजींना विचारलं तर त्यांच्याकडंही तो नसणार, तो तुझ्याकडंच असणार. सोनियाला दसऱ्याला तिथीनं वर्ष पूर्ण होतं. तिला अजून काही कळत नाही, पण मला तिला मांडीवर घेऊन, सगळ्या घरादेखत मोठ्यानं सांगायचंय की तुझ्या आधी या घरात इंद्रजीत होता, तुझा काका, आणि तो खोडकर होता. ती कुणाची जागा भरायला आलेली नाही, तिला तिची जागा आहे आणि त्याला त्याची. तू हो म्हणालीस तर हे तू आणि मी मिळून सांगू, आणि मगच दाराला पान लागेल. तू नको म्हणालीस तर दार आहे तसंच राहील, सोनियाचा वाढदिवस आम्ही दर वर्षी तारखेनं करू, आणि दसऱ्याला मी पिठलं टाकीन. माझा राग नसेल, यांना आणि आकाशला मी समजावीन. पण निशाला मात्र मी आज संध्याकाळी नाव सांगणार आहे, तेवढी सूट मी तुला न विचारता घेतेय. त्या दिवशी दवाखान्यात मी जे ओरडले ते परत घेते. तुझ्या हातात बाळ होतं, मी तुला फक्त एवढंच विचारायला हवं होतं की मंजू, इंद्रजीतही असाच दिसायचा का गं? तेव्हा विचारलं नाही. आता विचारते.

तुझीच,
आशा